मृत्यूच्या दाखल्यावर न आलेला उन्हाळा

पूर्व दिल्लीतील मयूर विहार फेज एक ह्या वसाहतीत मी गेली अनेक वर्षे राहतो. १९८० च्या दशकात येथे दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती उभ्या राहिल्या. एका बाजूला यमुनेचे खादर, म्हणजे पुराचे पाणी पसरणारी सखल शेतजमीन. दुसऱ्या बाजूला त्रिलोकपुरी, कल्याणपुरी, खिचडीपूर ह्या आणीबाणीच्या सुमारास वसवलेल्या पुनर्वसन वसाहती. आमच्या घरांतील धुणीभांडी करणाऱ्या बाया, गाड्या पुसणारी मुले, चौकीदार आणि कपड्यांना इस्त्री करणारे बहुतेक तिकडूनच येतात. हा भूगोल आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढील सारे विवेचन त्याच्याशी निगडित आहे.

आमच्या संस्थेच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक इस्त्रीवाला बसत असे. कोळशाची जड इस्त्री, लाकडी टेबल आणि वर बांबूंवर ताणलेली निळी ताडपत्री. वय पन्नाशीचे, म्हणजे जवळजवळ माझ्याच बरोबरीचे. मे २०२४ मध्ये संस्थेच्या कार्यकारिणीने प्रवेशद्वार नीटनेटके दिसावे म्हणून ती ताडपत्री उतरवण्याचा ठराव केला. त्या वर्षी मी सचिव होतो. ठरावाखाली सही माझी आहे. कडुनिंबाची सावली सकाळी पुरत असे, दुपारी बारानंतर ती टेबलावरून सरकून भिंतीवर जाई. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तो टेबलाशीच कोसळला. आमच्या चौकीदाराने सांगितले की, तो थोडा वेळ असंबद्ध बोलत होता आणि अंग तव्यासारखे तापले होते. त्याला रिक्षातून रुग्णालयात नेले. दुसऱ्या दिवशी तो गेला.

आठवड्याभराने त्याचा मुलगा कागद घेऊन माझ्याकडे आला. ‘‘साहेब, सरकारकडून काही मिळेल का, एवढे बघा,’’ असे तो हिंदीत म्हणाला. मृत्यूचे कारण म्हणून हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहिले होते. दाखल होतानाच्या केसपेपरवर नाडी होती, रक्तदाब होता, शरीराचे तापमान मात्र नव्हते. उष्माघात हा शब्द कोठेही नव्हता. तो उष्माघातच होता, असे मी डॉक्टर नसल्याने छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि तापमानच घेतलेले नसल्याने आता कोणालाच सांगता येणार नाही. पंचवीस वर्षांहून अधिक काळ सरकारी कागद वाचण्यात घालवलेल्या माणसाला त्या कोऱ्या रकान्याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. जे रकान्यात नाही ते घडलेलेच नाही.

आपले प्रशासन पिके मोजते, गुरे मोजते, शाळेत न आलेली मुले मोजते. मग दरवर्षी ठरलेल्या वेळी येणारा आणि माणसे मारणारा उन्हाळा त्याच्या मोजणीतून का सुटतो? भूकंपाला पंचांग नसते. उन्हाळ्याला आहे. ह्या प्रश्नाचा माग काढताना मला पहिला धागा सापडला तो आपल्याच मुलुखात.

१८७६ ते १८७८ ह्या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. सरकारने दुष्काळी कामे काढली, परंतु खर्च आवरण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराला दिवसाला सुमारे एक पौंड धान्य पुरेल एवढीच मजुरी असावी, असे धोरण आणले. मुंबई इलाख्यातील अनेक कामांवरच्या मजुरांनी १८७७ च्या आरंभी ही मजुरी नाकारून कामे सोडली. त्या वेळी १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने एक असाधारण गोष्ट केली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली : पाऊस किती, भाव काय, कामावर किती माणसे, गाव सोडून कोण गेले. ही वृत्ते तिने सरकारपुढे क्रमाने मांडली. निषेधाची भाषणे कोणीही करू शकतो. सभेने सरकारच्या नोंदीसमोर नागरिकांची नोंद ठेवली. माझ्या मते आपल्या सार्वजनिक जीवनातील हा सर्वांत दुर्लक्षित वारसा आहे.

पुढे १८८० मध्ये सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून १८८३ पासून प्रांतोप्रांतींच्या दुष्काळसंहिता तयार झाल्या. ह्या संहितांचे मर्म खुणांत होते. धान्याचे भाव असामान्य चढले, माणसे विनाकारण भटकू लागली, की जिल्हाधिकाऱ्याने वरच्या हुकमाची वाट न पाहता चाचणीची कामे उघडावयाची. त्यांवर गर्दी झाली की पुढची पायरी. म्हणजे संकटाची खूण आधी ठरवायची, खुणेला कृती जोडून ठेवायची, आणि ती कोण करणार त्याचे नाव लिहून ठेवायचे. वसाहतीचे सरकार दयाळू नव्हते आणि ह्या संहितांनंतरही १८९६ ते १९०० ह्या काळात लक्षावधी माणसे दगावली. तथापि आपत्तीला वेळापत्रक लावता येते, ही कल्पना तेथून रुजली.

दुसरा धडा मुंबईच्या प्लेगचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. सक्तीच्या तपासणीच्या आणि विलगीकरणाच्या धास्तीने लोक रोग लपवू लागले. मृत्यू तापाच्या किंवा अन्य कारणाच्या नावावर नोंदले जाऊ लागले. तेव्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी साधा हिशेब मांडला. एरवी ह्या आठवड्यात शहरात किती माणसे मरतात आणि यंदा किती मेली? ह्या दोहोंतील फरक, म्हणजे अतिरिक्त मृत्यू, दाखल्यावरील शब्दांपेक्षा अधिक खरे बोलत होता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही पद्धत लगेच पटते. कारणाविषयी खोटे लिहिता येते, एकूण संख्या लपवणे अवघड असते.

आता पुन्हा यमुनेच्या ह्या काठावर येतो. जुलै १९८८ मध्ये यमुनापार दिल्लीतील पुनर्वसन वसाहतींत कॉलऱ्याची मोठी साथ आली. मलनिस्सारणाची सोय नाही, नळाचे पाणी अपुरे, म्हणून उथळ हातपंपांचे पाणी पिण्यात येत होते. आणि त्याच जमिनीत मैलापाणी मुरत होते. शेकडो माणसे दगावली. नेमकी किती, ह्यावर सरकारी आणि बिनसरकारी आकड्यांत मोठे अंतर होते. पण तो कॉलरा होता. त्याला नाव होते, प्रयोगशाळेत त्याचा जंतू दिसत होता, संसदेत त्यावर प्रश्न विचारता येत होता. त्यामुळे टँकर धावले, क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या गेल्या, उथळ पंपांचा प्रश्न ऐरणीवर आला. १९९६ च्या डेंग्यूच्या साथीचेही तसेच. दिल्लीत १०,२५२ रुग्ण आणि ४२३ मृत्यू नोंदले गेले, आणि घराघरांतील कूलरच्या टाक्यांत डास शोधणारे पालिकेचे तपासनीस हा दिल्लीच्या उन्हाळ्याचा नेहमीचा भाग बनला. नोंद झाली की यंत्रणा हलते, उशिरा का होईना.

उष्णतेचे तसे नाही. तिचा जंतू नाही. उन्हात राबणाऱ्या माणसाचे शरीर घाम गाळून स्वतःला थंड ठेवते; हवेत दमटपणा वाढला की घाम वाळत नाही, हृदय अधिकाधिक रक्त त्वचेकडे ढकलत राहते, आणि जे आधीच दुर्बल असेल ते प्रथम कोलमडते : कोणाचे हृदय, कोणाचे मूत्रपिंड. दाखल्यावर त्या अवयवाचे नाव येते, उन्हाळ्याचे येत नाही. शिवाय २०२० सालच्या अहवालानुसार देशातील नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू जेमतेम साडेबावीस टक्के होते. उरलेल्यांचे कारण कोणी विचारावे?

मुंबईच्या प्लेगमधील तो जुना हिशेब उष्णतेला लावला गेला तो अहमदाबादेत. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर संशोधकांनी महापालिकेचे मृत्यूंचे आकडे तपासले. त्या महिन्यात शहरात ४,४६२ मृत्यू झाले होते. आदल्या व नंतरच्या वर्षांच्या तुलनेने ३,११८ अपेक्षित होते. म्हणजे १,३४४ मृत्यू अधिक, ४३ टक्क्यांची वाढ. एका महिन्यात, एका शहरात, आणि त्यांतील बहुतेकांच्या दाखल्यावर उष्णतेचा उल्लेख नाही. ह्या एका आकड्याने महापालिकेची झोप उडवली. २०१३ मध्ये तिने गांधीनगरच्या भारतीय लोकस्वास्थ्य संस्थेच्या व इतरांच्या साहाय्याने उष्णता कृती आराखडा केला. दक्षिण आशियातील तो पहिला.

तो आराखडा वाचताना मला दुष्काळसंहितेची आठवण झाली. पुन्हा खुणा, पुन्हा पायऱ्या. तापमानाचा अंदाज ४५ अंशांवर गेला की लाल इशारा. इशारा आला की पाणपोया, दुपारी उघडी ठेवायची उद्याने, रुग्णालयांत बर्फाची सोय, आणि प्रत्येक कामापुढे एका अधिकाऱ्याची जबाबदारी. त्यातील काही उपाय बिनखर्चाचे होते. एका सार्वजनिक रुग्णालयात नवजात बालकांचा कक्ष सर्वांत वरच्या, तापलेल्या गच्चीखालच्या मजल्यावर होता. तो खाली हलवल्यावर उष्णतेने आजारी पडणाऱ्या अर्भकांचे प्रमाण लक्षणीय घटले. पुढील एका अभ्यासाने आराखड्यामुळे वर्षाला सरासरी सुमारे ११०० हून अधिक मृत्यू टळले असावेत, असा अंदाज मांडला. ओडिशाने तर १९९८ मधील दोन हजारांवर बळींनंतरच शाळांच्या आणि कामाच्या वेळा बदलण्यास आरंभ केला होता. आपल्या नागपूरनेही २०१६ मध्ये असा आराखडा स्वीकारला.

मी वऱ्हाडातील. तेथील जुन्या मंडळींना ह्यात नवल वाटणार नाही. चैत्र लागला की सकाळची शाळा, खिडक्यांना वाळ्याचे ताटे, अंगणात माठ, बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा, घरी आल्यावर कैरीचे पन्हे. हा सुद्धा कृती आराखडाच होता, फक्त त्यावर कोणाची सही नव्हती. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले होते : दुपारी घरात बसता येते. ज्याला येत नाही, त्याच्यासाठी आमच्या घरांत पन्हे होते, पण त्याची पाळी बदलण्याचा विचार नव्हता.

आता केंद्राच्या पातळीवर काय झाले ते पाहू. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने यंत्रणा उभी राहिली. आपत्ती निधीतून मदत मिळण्यासाठी आपत्ती केंद्राच्या यादीत असावी लागते. त्या यादीत २०१२ मध्ये शीतलहर आली. उष्णतेची लाट पंधराव्या वित्त आयोगाच्या काळातही (२०२१-२६) तीत नव्हती. राज्यांना आपल्या निधीच्या दहा टक्क्यांपर्यंत रक्कम स्थानिक आपत्तींसाठी वापरण्याची मुभा होती, इतकेच. यादीतील आपत्तीत मृत्यू झाल्यास कुटुंबाला चार लाख रुपये साहाय्य देण्याचा २०१५ पासूनचा निकष आहे. म्हणजे थंडीने मेलेल्याच्या कुटुंबाला जे मागता येत होते, ते उन्हाने मेलेल्याच्या कुटुंबाला त्याच हक्काने मागता येत नव्हते. यादीत घालण्याविरुद्धचा युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि तो अगदीच पोकळ नाही : पैसा आला की दावे येतील, आणि कोणता मृत्यू उष्णतेचा हे ठरवणार कसे? पण हे वर्तुळ आहे. यादीत नाही म्हणून तापमान नोंदवण्याची निकड नाही. तापमान नोंदलेले नाही म्हणून आकडे नाहीत. आकडे नाहीत म्हणून यादीत नाही.

हे वर्तुळ तोडण्याच्या दोन वाटा २०२४ मध्ये दिसल्या. एक, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने उष्णताजन्य मृत्यू ओळखण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. माणूस कोठे, कोणत्या परिस्थितीत सापडला, त्या वेळी शरीराचे तापमान किती होते, ह्यावर त्यांत भर आहे. त्याच मे महिन्यात दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात बर्फाच्या पाण्याची टाकी असलेला स्वतंत्र उष्माघात कक्ष सुरू झाला. दुसरी वाट स्त्रियांच्या ‘सेवा’ ह्या संघटनेची. तापमानाने ठरावीक पातळी ओलांडली की सभासद कष्टकरी स्त्रियांना विम्याची रक्कम थेट मिळते. कोण आजारी पडले, हे सिद्ध करावे लागत नाही. दुपारची मजुरी सोडून सावलीत बसण्याची किंमत कोणी तरी द्यावयास हवी, हे अर्थशास्त्र तीत मान्य केलेले आहे. खूण आधी ठरलेली, कृती तिला जोडलेली. १८८३ चीच कल्पना, पण ह्या वेळी हक्क म्हणून.

मोजमापातही सावधपणा हवा. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली आणि जगभर बातमी गेली. तपासणीत ते उपकरण सुमारे तीन अंश अधिक दाखवत असल्याचे निष्पन्न झाले. बातमी विरली आणि लोकांचे लक्षही. पण जूनच्या मध्यानंतर सफदरजंग केंद्रावर रात्रीचे किमान तापमान ३५.२ अंशांखाली उतरले नाही, त्याची फारशी चर्चा झाली नाही. माझ्या दृष्टीने ही रात्र त्या दुपारहून घातक होती. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरण्यासाठी रात्र लागते. पत्र्याच्या किंवा एका विटेच्या भिंतीच्या खोलीत, वीज गेलेली असताना, ती रात्र मिळतच नाही. आमचा इस्त्रीवाला अशा किती रात्रींनंतर त्या टेबलाशी उभा होता, हे आम्ही कोणीच विचारले नव्हते.

घराबाहेर, परप्रांतात राहणाऱ्या वाचकांसाठी काही व्यवहारी गोष्टी सांगणे आवश्यक वाटते, कारण गावाकडून आईवडील अनेकदा ह्याच सुटीत आपल्याकडे येतात. तापलेला माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये : सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतत पंखा धरावा, काखेत व मानेशी बर्फ ठेवावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. रुग्णालयात शरीराचे तापमान घेऊन ते कागदावर लिहावे, असा आग्रह धरावा. वृद्धांच्या रक्तदाबाच्या व लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांविषयी उन्हाळ्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. त्यांची खोली गच्चीखालची असेल तर चार महिने बदलावी. लोखंडी कूलरचे अर्थिंग तपासून घ्यावे, पाणी भरताना तो बंद असावा, आणि आठवड्यातून एकदा त्याची टाकी कोरडी करून घासावी.

परंतु घरापुरती काळजी पुरेशी नाही, हे मला माझ्याच सहीने शिकवले. २०२५ च्या फाल्गुनात मी कार्यकारिणीपुढे दुसरा ठराव मांडला. फाटकाबाहेर पक्की सावली आणि पिण्याचे पाणी. चौकीदारांच्या व माळ्याच्या दुपारच्या पाळीत बदल. घरकामाच्या बायांना मे-जूनमध्ये दुपारी बारा ते चार बोलावू नये, अशी सदस्यांना विनंती. एका सदस्याने विचारले की, बाहेरच्या माणसांवर संस्थेचा पैसा का खर्च करायचा. मी त्यांना पहिल्या ठरावाची प्रत दाखवली आणि एवढेच म्हणालो की, सावली काढण्याचा ठराव करताना ती माणसे आपल्याला बाहेरची वाटली नव्हती. ठराव दोन मतांनी संमत झाला.

त्याबरोबरच फाटकावरील चौकीत एक वही ठेवली आहे. तीत रोज दुपारी तीनचे तापमान, वीज किती वेळ गेली, पाणी आले की नाही, आणि आवारात किंवा फाटकाशी कोणाला चक्कर, उलटी, ग्लानी आली काय, एवढेच लिहायचे. चौकीदार हिंदीत लिहितात. पहिल्या उन्हाळ्यात तीत अकरा नोंदी झाल्या. त्यांतील सात आमच्या सदनिकांत न राहणाऱ्या माणसांच्या होत्या. ह्यावरून कोणताही सिद्धांत निघत नाही. पण सार्वजनिक सभेच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील माणसांनी लिहिले तेही असेच सुटे सुटे होते.

इस्त्रीवाल्याच्या मुलाला मी काही मिळवून देऊ शकलो नाही. अर्ज केले, उत्तरे आली, त्या उत्तरांत नियमाप्रमाणे काही चूक नव्हती. आता तोच तेथे बसतो. वर पत्र्याखाली गवताचे छत आहे. वडिलांचा दाखला त्याने जपून ठेवला आहे. त्यावरील रकाना बदलणे माझ्या हाती नाही. पुढच्या माणसाच्या कागदावर तापमानाचा आकडा असेल, एवढी व्यवस्था करणे मात्र आपल्या सर्वांच्या हाती आहे, आणि तिची वेळ ज्येष्ठात नव्हे, फाल्गुनात असते.